टेबलावरचा कॅमेरा

लेकीची पहिली पावलं टिपायला नवऱ्याने मुठीत मावेल एवढा, स्वस्तातला व्हिडिओ कॅमेरा आणला. चाचणी म्हणून दुपारी तो टेबलावर चालू ठेवला आणि नवराबायको समोर लेकीशी खेळत बसली.

मग लेकीला आतल्या खोलीत निजवून दोघं चित्रण बघू लागली.

“स्वस्त असून चित्र स्वच्छ आहे हो,” ती खुशीत म्हणाली.

तोच पडद्यावरचं चित्र हललं, अलगद वर उचललं गेलं आणि दोघांच्या पाठीमागून फिरलं.

“तुम्ही उचलला होता?”

“छे! तुझ्याशेजारीच तर बसलोय, बघ ना.”

चित्र लेकीजवळ जाऊन थांबलं. लेकीने वर पाहिलं, ओळखीचं हसली आणि उचलून घ्यायला दोन्ही हात पसरले.

चित्रण तिथेच संपलं.

आतल्या खोलीत लेक खुदकन हसली.