सहा जणांची एक रेघ

आयटी पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या हडपसरच्या फाउंड्रीत कामगारांच्या फुफ्फुसांची वार्षिक तपासणी झाली. डॉ. श्रद्धांच्या टेबलावर बावीस रिपोर्ट येऊन पडले. सगळे नॉर्मल. सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच त्यांचं काम. पण पेन मध्येच अडलं. साच्यांची वाळू झाडत दिवसभर धुळीत राहणाऱ्या सहा जणांचे श्वासाचे आलेख त्यांनी कंप्युटरवर एकावर एक ठेवले, तर सहाही जणांची मिळून एकच रेघ दिसली.

त्यांनी त्या खात्याच्या मुकादमाला बोलावून घेतलं.

"नागोराव, सहा जणांच्या नावावर मशीनच्या नळीत एकाच माणसाने फुंकलंय. कोण तो?"

नागोरावांनी आधी दार लोटून घेतलं.

"सुदर्शन. अवंदा नवा लागलाय, छाती चांगली हाय त्याची. बाकीच्यांचा रिपोर्ट वाईट आला तर कंपनी घरी बसवती, मॅडम."

डॉक्टरांनी जुन्या फायली उघडल्या. मागच्या चारही वर्षी तोच प्रकार होता. रेघ मात्र यंदाच्याहून वेगळी.

"तेव्हा कोण फुंकत होतं?"

"संतोष."

"काम सोडलं का त्याने?"

"न्हाई. हितंच हाय."

"मग यंदा त्याने का नाही फुंकलं?"

नागोरावांनी सहांतल्या एका रिपोर्टवर बोट ठेवलं.

"अवंदा त्याच्या नावानं पण सुदर्शननंच फुंकलं, मॅडम."