वीतभर जागा

बंद पडलेल्या खाणीतल्या उंच दगडावर वृंदा गाडीवर उभी होती. ट्रायल्सच्या, म्हणजे दगड-अडथळ्यांवरून तोल सांभाळत गाडी नेण्याच्या खेळाच्या, मोटरसायकलला सीट नसते. पाय न टेकवता तोल सांभाळायचा आणि ब्रेक दाबून, मागचं चाक उडवत गाडी जागेवर वळवायची. वळल्याशिवाय खाली उतरायला वाट नव्हती.

गेल्या वर्षी ती याच दगडावरून पडली होती. मनगटात अजून प्लेट होती. तिने खाली उभ्या असलेल्या प्रशिक्षकांना हाक मारली.

"सर, नाही जमणार मला. गाडी धरा."

मुजावर सर दगडावर चढून आले, पण त्यांनी गाडीला हात लावला नाही. "घाबरलीस?"

"खूप."

"गेल्या वर्षी घाबरली नव्हतीस. कडेकडे न बघताच उडी मारलीस. आज बघितलंस ना?"

वृंदाने पुन्हा बघितलं. मागच्या चाकापासून कड वीतभर लांब होती. तिने गुडघे वाकवले आणि झटक्यात उसळी घेतली. चाक आतल्या बाजूला टेकलं. गाडी डुलली, मग स्थिरावली.

"आता हात देऊ?"

"नको. फक्त बोलू नका, सर," कापऱ्या आवाजात ती म्हणाली आणि तिने पुन्हा गुडघे वाकवले.