पत्त्याची दुसरी ओळ

जुन्या संगणकाच्या हिरव्या पडद्यावर औषधाच्या ॲलर्जीसाठी रकानाच नव्हता. म्हणून इस्पितळातल्या नोंदणीच्या काकू वीस वर्षं ती पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत टाइप करत आणि सगळ्या नर्स तिथंच बघत. आज सकाळी नोंदी ब्राउझरमध्ये आल्या. जुन्या टर्मिनलची वायर गुंडाळत इंजिनिअर म्हणाला, "बघा काकू, कसं आरशासारखं लख्ख!" "लख्ख आहे रे राजा, पण पत्त्याची दुसरी ओळ कुठाय?" "काढली. नुसती अडगळ होती ती." काकू वॉर्डकडे धावणार, तोच नर्स दारात आली. "काकू, सात नंबरचे आजोबा गेले हो. पडद्यावर ॲलर्जी दिसली नाही, म्हणून इंजेक्शन दिलं... घरचा फोन लागत नाही. पत्ता लिहून द्या, शिपाई धाडते." काकूंनी चिठ्ठीवर पत्ता लिहिला, तरी हात थांबेना. दुसऱ्या ओळीत उमटलं: पेनिसिलिन देऊ नये.