गिरणीवरचा आवाज

नात शिफाचं लग्न ठरलं, त्या वर्षीची गोष्ट. ती सासरी जाण्याआधी तिला आजीचा आवाज नीट ऐकवायचा, एवढाच गनीभाईंचा ध्यास होता. त्यांच्या बायकोचं, मुबारकबीचं, एकच वाक्य मोबाईलात उरलं होतं. कोपरगावच्या पिठाच्या गिरणीत, घरघरीच्या वर ओरडून म्हटलेलं, "अवो, जेवायला या!"

शिफानं आवाज साफ करणारी तीन सॉफ्टवेअरं तपासली. पहिल्यानं घरघर तशीच ठेवली. दुसऱ्यानं आवाज पत्र्यासारखा केला.

"ही तुझी आजी न्हाई, पिठाचा डबा हाय," गनीभाई हसले.

तिसऱ्यानं घरघर पार घालवली. मुबारकबी ओरडलीच नाही. हळूच म्हणाली, "गिरणी बंद केली व्हय? बरं केलं. आता सांगा, शिफाला कुठं दिली?"

मुबारकबी वारली २०१९च्या रमजानमध्ये. तेव्हा शिफा नववीत होती.