बारीक नळी

अ‍ॅरिझोनातला जुलै. गाडीत गार हवा नसेल तर लोरेटाला फिनिक्सपर्यंत आणूच नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमकी निघायच्या सकाळी एलवुडच्या जुन्या पिकअपमधली सगळी गार हवा समोरच्या काचेवरच जायला लागली, सीटकडे झुळूकही येईना.

"कुठेतरी व्हॅक्यूम गळतोय. हवा सीटकडे वळवणारी झडप एका बारीक नळीतल्या ओढीवरच चालते," एलवुड बॉनेट उघडत बायकोला म्हणाला.

"मला शिकवतोस? तीस वर्षं गॅरेजात तुझ्या हातात पाने कोण देत होतं?" अंगणातल्या खुर्चीत बसलेली लोरेटा धापा टाकत म्हणाली. सहा केमो झाल्या होत्या, सहा बाकी होत्या; सातवी आज फिनिक्सला होती.

इंजिनाच्या मागे चाचपताना ती बारीक नळी त्याच्या बोटांना लागली. जुनं रबर भेगाळतं, पिचतं. ही नळी ब्लेडने सरळ कापलेली होती.

त्याने वळून पाहिलं. लोरेटा त्याच्याकडेच बघत होती.

"सापडलं का रे?"

नवी नळी त्याच्या खिशातच होती. दोन मिनिटांचं काम. एलवुडने सावकाश बॉनेट खाली केलं.

"नाही गं सापडत," तो म्हणाला. "डॉक्टरांना कळवतो, आपण येत नाही म्हणून."