दार लावण्याआधी

शीतगृहात नव्यांना सुरक्षेचे नियम शिकवणाऱ्या फोरमनकाकांना आम्ही सगळे त्यांच्या माघारी भोंगा म्हणायचो. त्यांचं एकच पालुपद असायचं. "दार लावण्याआधी आत हाक मारायची. मारली की लगेच दार ओढायचं नाही, थांबायचं. गारठलेल्या माणसाला आवाज फुटायला वेळ लागतो."

आठवड्याभरातच माझं डोकं पिकलं. "अहो काका, खोली रिकामी आहे. दिसतंय की!"

"दिसतं ते दारापुरतं, बाई. मारा हाक."

मारली. आतून नुसती पंख्यांची घरघर आली. भोंग्यानं मान हलवली तेव्हा कुठे मला दार लावता आलं.

एका दुपारी त्यांचा चष्मा घरी राहिला, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेले. काका एकटेच राहायचे. एका खोलीचं घर, दारातूनच सगळं दिसत होतं: एक कॉट, एक खुर्ची, दोरीवर एक टॉवेल. चष्मा लावून ते बाहेर आले, दार अर्धं ओढलं आणि फटीतून आत हाक मारली, "येतो गं!"

मग कुलूप हातात धरून तिथेच उभे राहिले.

मला हसूच आलं. "काका, इथेही नियम? आत कोणी नाहीये, दिसतंय की. चला, उशीर होतोय."

"थांबा जरा," ते हळूच म्हणाले. "तिला ओ द्यायला नेहमीच वेळ लागायचा."