हारामागचा कागद

"वाचा की अण्णा, सगळे थांबलेत," विश्वासराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं फ्रेमवरचा झेंडूचा हार बाजूला केला.

सुब्बाराव खुर्चीतून उठून फ्रेमपाशी गेले. कानडी मुलखातल्या मल्लेश्वरमच्या मराठी शाळेच्या त्या जुन्या खोलीत साठ माणसं दाटीवाटीनं बसली होती. शाळा सुरू झाली ती याच एका खोलीत. आता तिचं म्युझियम झालं होतं. जुन्या पाट्या, पितळी घंटा, आणि भिंतीवर संस्थापकांच्या हातचा मोडीतला कागद. वस्तूंना धूळ नको म्हणून खिडक्या कायमच्या बंद. त्या सुब्बारावांनीच खिळे ठोकून बंद केल्या होत्या.

मोडी वाचणारे इथल्या साऱ्या मराठी समाजात आता एकटे तेच उरले होते. दर दसऱ्याला ते फ्रेमसमोर उभे राहून खणखणीत आवाजात वाचायचे, "ही वास्तू जिवापाड जपावी. हिच्या विटेला हात लावू नये." लोक हात जोडायचे. पुढं ते वाक्य कमानीवर आलं, शाळेच्या डायरीत आलं, स्नेहसंमेलनाच्या भाषणांत तर ठरलेलंच झालं.

आणि सगळी गोची तिथंच होती. कागदावर तसलं काही लिहिलेलंच नव्हतं.

अडतीस वर्षांपूर्वी कमिटी ही खोली पाडायला निघाली होती. सुब्बाराव तेव्हा शाळेत क्लार्क. त्यांची बायको जमनाबाई याच खोलीत पहिलीला शिकवायची, ती त्याच मे महिन्याच्या सुट्टीत गेली. फळ्यावर तिच्या अक्षरात अजून होतं, 'सुट्टीत रोज पाच ओळी शुद्धलेखन.' खोली रिकामी करताना कपाटात हा कागद सापडला. कुणीतरी विचारलं, काय लिहिलंय हो यात? सुब्बारावांनी कागद वाचला, फळ्याकडे बघितलं आणि तोंडाला येईल ते सांगून टाकलं. आजचा दिवस टळू दे, एवढाच विचार. दिवस टळला, फळ्यावर काच बसली आणि ते खोटं जन्माचं गळ्यात पडलं.

आता शाळा वाढली होती. सहावी-सातवी अंगणात पत्र्याच्या शेडखाली बसत होती. एप्रिलच्या उन्हात वेदिका नावाची मुलगी भर वर्गात चक्कर येऊन पडली, तेव्हा तिची आई विद्या पुढं झाली. पुण्याहून दहा वर्षांपूर्वी आलेली, नवरा सरकारी संशोधन संस्थेत. तिनं दोनशे पालकांच्या सह्या जमवल्या. ही खोली पाडा आणि तिथं चार वर्ग बांधा, अशी तिची मागणी.

आजच्या सभेत दोन तास नुसता गोंधळ. विश्वासराव कमिटीचे अध्यक्ष. चिकपेटेत कापडाचं दुकान, आवाजही दुकानदाराचा.

"वर्ग पाहिजेत तर शहराबाहेर हेब्बाळला बांधा, पार देवनहळ्ळीला बांधा! इथं विटेला हात लावायचा नाही!"

"देवनहळ्ळीला? त्यापेक्षा मुलीला रोज पुण्यालाच पाठवते की!" विद्या म्हणाली. लोक हसले.

मग तिनं एकदम आवाज खाली आणला. "ओके. संस्थापकांनीच तसं लिहून ठेवलं असेल, तर आम्ही अर्ज मागे घेतो. अण्णांनी फक्त एकदा वाचून दाखवावं. मग विषय संपला."

टाळ्या पडल्या. सुब्बाराव जिंकले होते. झोपेतही म्हणता येईल असं ते वाक्य तेवढं आता म्हणायचं होतं.

पण साठ माणसांच्या श्वासांनी खोली कोंदली होती. बाहेर पत्र्याखाली सातवीचा तास चालू होता आणि पोरांची कविता आत ऐकू येत होती. त्यांनी काचेमागच्या फळ्याकडे पाहिलं. जमना असती तर म्हणाली असती, अहो, पोरं तिकडं भाजून निघतायत आणि तुम्ही माझ्या अक्षराला काच कसली लावता? त्यांना लाज वाटली. अडतीस वर्षांत वाटली नव्हती एवढी वाटली.

"स्वल्प थांबा," म्हणत त्यांनी चष्मा पुसला. मग आयुष्यात पहिल्यांदा अक्षरांखाली बोट धरून त्यांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला.

"मुले वाढतील तेव्हा ही खोली पाडून मोठी बांधावी. माझी आठवण म्हणून ठेवू नये."

"अहो अण्णा, नीट बघा! चष्मा बदललाय का?" विश्वासराव ओरडले.

"चष्मा तोच आहे, विश्वासराव. इतकी वर्षं मीच खोटं वाचत होतो."

मग काय विचारता! कुणी म्हणालं, म्हातारा फिरला. कुणी म्हणालं, दर दसऱ्याला आम्हाला फसवलं की यानं. शेवटी हात वर झाले आणि खोली पाडायचं ठरलं. जाताना कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. विश्वासरावांनी तर तो हार तिथंच बाकावर टाकला.

विद्या तेवढी मागे राहिली. तिनं पर्समधून घडी केलेला एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यावर देवनागरीत त्याच दोन ओळी होत्या.

"मी ऑनलाइन मोडीचा क्लास केलाय, अण्णा. फ्रेमचा फोटो घेतला होता, प्रॅक्टिस म्हणून वाचला. महिना झाला."

"मग भर सभेत दाखवला का नाहीस गं?"

"नाही दाखवता आला." तिचे डोळे भरले. "तुम्ही आज नेहमीचंच वाचलं असतं ना, तर मी हा फाडून टाकणार होते. तुमचं नाव घालवून मला ते वर्ग नको होते."

सुब्बारावांनी कागदाची घडी पुन्हा घातली आणि फळ्याकडे बघितलं.

"बरं झालं, हा फाडणार होतीस ते आधी बोलली नाहीस," ते म्हणाले. "नाहीतर मी नेहमीचंच वाचलं असतं."